कृपा, हक्क आणि अधिकार : मराठी ख्रिस्ती विचारातील एका संज्ञेचा इतिहास

१

धर्मांतराच्या इतिहासात माणसांची गणना होते. शब्दांची सहसा होत नाही. वस्तुतः एखादी श्रद्धा नव्या भाषेत येते तेव्हा तिला त्या भाषेत आधीपासून नांदत असलेल्या शब्दांकडेच आसरा मागावा लागतो, आणि त्या शब्दांचे जुने अर्थ तिच्यासाठी घर रिकामे करून देत नाहीत. नवा अर्थ जुन्या अर्थांच्या शेजारी राहतो, त्यांच्याशी भांडतो, प्रसंगी त्यांच्यासारखा होतो. ख्रिस्ती धर्मविचारातील 'कृपा' ही संज्ञा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. ग्रीक नव्या करारातील 'खारिस' आणि लॅटिन परंपरेतील 'ग्रातिया' यांच्यासाठी मराठी ख्रिस्ती वाङ्मयात हाच शब्द रुळला. तो इतक्या सहजपणे रुळला की, येथे काही भाषांतर झाले आहे याचेच विस्मरण झाले. जेथे भाषांतर दिसेनासे होते तेथे समीक्षेने अधिक सावध व्हावयास हवे.

या शब्दाचे शेजारी कोण होते, हे पाहण्यासाठी मराठवाड्यातील एका छोट्या प्रदेशाचा नकाशा पुरेसा आहे. जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, भोकरदन तालुक्यात, हसनाबाद हे गाव आहे. नावाची घडण फार्सी वळणाची, बोली मराठी, आणि भोवतालचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यापूर्वी हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. याच तालुक्यात राजूरच्या गणपतीचे देवस्थान आहे. याच जिल्ह्याच्या दक्षिणेला समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आहे, जिल्ह्याबाहेर पण फार दूर नाही असे एकनाथांचे पैठण आहे. आणि याच जिल्ह्यात, जालन्याजवळ, एकोणिसाव्या शतकात 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. या मुलखातील माणसाच्या कानावर 'कृपा' हा शब्द तीन दिशांनी येत होता. संतांच्या वाणीतून देवाची कृपा येत होती, राज्यव्यवहारातून हुजुरांची मेहेरबानी येत होती आणि मिशनच्या प्रवचनातून ख्रिस्ताची कृपा येत होती. या तिन्ही अर्थांचा परस्परांशी काय व्यवहार झाला, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

प्रथम ख्रिस्ती संकल्पनेचा गाभा लक्षात घेतला पाहिजे. संत पौलाच्या रोमकरांस पत्रात एक भेद केलेला आहे. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती त्याचे येणे असते, उपकार नव्हे. कृपा मात्र ज्याचे काहीच येणे नाही त्याला मिळते. म्हणजे कृपेची व्याख्याच मुळी हक्काच्या अभावातून केलेली आहे. पुढे संत ऑगस्टीन (३५४–४३०) आणि पेलॅजियस यांच्या वादात हा मुद्दा टोकाला गेला. मनुष्य स्वतःच्या सदाचरणाने तरू शकतो, हे पेलॅजियसचे मत ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने अमान्य केले. सोळाव्या शतकात ल्यूथरने केवळ कृपा आणि केवळ श्रद्धा यांचा आग्रह धरला, तर रोमन चर्चने ट्रेंट परिषदेच्या १५४७ मधील ठरावात कृपेचे प्राथम्य मान्य करूनही तिला प्रतिसाद देणाऱ्या मानवी इच्छेस स्थान ठेवले. हा प्रश्न भारतीय वाचकास अपरिचित नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णव संप्रदायात वडकलै आणि तेनकलै या शाखांनी तो मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर या न्यायांनी मांडला. माकडाचे पिलू आईला घट्ट धरून असते, मांजराच्या पिलाला आई स्वतःच तोंडात धरून नेते. तरण्यासाठी जिवाने काय करावयाचे, की काहीच करावयाचे नाही, हा तो प्रश्न.

मराठी मुलखात मात्र या प्रश्नाला आणखी एक पदर होता, आणि तो धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सापडत नाही. पौलाने ज्या स्पष्टतेने मजुरी आणि कृपा यांच्यात रेघ ओढली, तशी रेघ गावगाड्यात नव्हतीच. बलुतेदाराचा वाटा हा रूढीने मान्य झालेला हक्क होता, पण तो खळ्यावर उभे राहून, हात पसरून घ्यावा लागे. महाराचे गावकाम हे काम होते, त्याची भाकर हे त्या कामाचे मोल होते, तरीही ती दारोदार मागून आणावी लागे. जे येणे होते ते दान म्हणून दिले जाई आणि घेणाऱ्याने ते उपकार म्हणूनच स्वीकारावे अशी अपेक्षा असे. हक्काला कृपेचा वेष चढविणे हे या व्यवस्थेचे एक प्रमुख साधन होते. अशा गावातील माणसाला जेव्हा सांगितले जाते की तारण ही फुकट मिळणारी कृपा आहे, तिच्यावर तुझा काही हक्क नाही, तेव्हा त्याच्या कानी नेमके काय पडते? मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा कस या प्रश्नावर लागतो.

३

या वाङ्मयाचा आरंभ मराठवाड्यापासून दूर, पोर्तुगीज सत्तेखालील गोमंतकात झाला. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. जुनी पुराणे हातची गेलेल्या नवख्रिस्ती समाजास श्रवणासाठी काहीतरी हवे, ही त्यामागची निकड ग्रंथातच नोंदलेली आहे. येथे कालाचा एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. जेझुइट मोलिना यांच्या १५८८ मधील ग्रंथामुळे कृपा आणि मानवी इच्छास्वातंत्र्य यांच्या संबंधावर जेझुइट आणि डोमिनिकन यांच्यात मोठा वाद पेटला होता, आणि १६०७ मध्ये पोपने निर्णय न देताच तो मिटविला. 'क्रिस्तपुराण' त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी छापले गेले. युरोपात त्या वादाची भाषा काटेकोर, शास्त्रीय लॅटिन होती. स्टीफन्स यांनी निवडली ती ओवी, म्हणजे ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांच्या कथनाचे वाहन.

या निवडीचा परिणाम केवळ छंदापुरता राहत नाही. ओवीबरोबर पुराणश्रवणाची संस्था येते, आणि त्या संस्थेत देव हा भक्तासाठी धावून येणारा असतो. वैकुंठासारखे शब्द स्टीफन्स यांनी टाळले नाहीत. त्यामुळे कृपेचा सिद्धान्त त्यांच्या ग्रंथात कथेच्या रूपाने उतरला : पापात पडलेले मनुष्यकुल, आणि त्याच्यासाठी स्वतः खाली उतरणारा स्वामी. अवताराची कल्पना परिचित असलेल्या श्रोत्याला यातले उतरणे कळले असणार यात शंका नाही. परंतु अवतार दुष्टांच्या निर्दाळणासाठी उतरतो आणि हा स्वामी दुष्टांच्याच हाती मरण्यासाठी उतरतो, हा भेद ओवीच्या ओळखीच्या लयीत किती तीव्रतेने जाणवला असेल हे सांगणे कठीण आहे. परिचित रूप अर्थाला दार उघडते आणि त्याच वेळी त्याची धार बोथट करते. पुढील तीन शतके मराठी ख्रिस्ती लेखनाला हाच पेच पडत राहिला.

४

एकोणिसाव्या शतकात हा व्यवहार प्रॉटेस्टंट मिशनांच्या हाती आला. सेरामपूरहून विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला, अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले, 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये सुरू झाले. ओवीची जागा आता गद्याने आणि वादाने घेतली. या वादात हिंदू पक्षाचा एक आक्षेप तात्त्विकदृष्ट्या महत्त्वाचा होता. ब्रह्मसूत्रांनी ईश्वरावर येणारा वैषम्य आणि नैर्घृण्य यांचा, म्हणजे पक्षपाताचा आणि निर्दयतेचा, आरोप कर्मसिद्धान्ताच्या साहाय्याने दूर केला होता : जीव ज्याचे त्याचे कर्म भोगतो, ईश्वर त्याला जबाबदार नाही. कृपेचा सिद्धान्त हा बंदोबस्त मोडतो. ज्याचे कर्म नाही त्याला जर फळ मिळत असेल, तर देणारा पक्षपाती ठरतो. काशीचे महाराष्ट्रीय पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी आरंभी ख्रिस्ती मताचे संस्कृतात खंडन केले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या चरित्रात हा सारा संघर्ष एका माणसात घडलेला दिसतो.

परंतु महाराष्ट्रात या संघर्षाला सामाजिक रूप आले ते अधिकाराच्या प्रश्नातून. भारतीय परंपरेत अधिकार म्हणजे एखाद्या विद्येची, विधीची वा मोक्षमार्गाची पात्रता. संतांनी भक्तीच्या क्षेत्रात हा अधिकार सर्वांसाठी खुला केला, तरी गुरूचा अनुग्रह ही पात्रता पाहूनच करावयाची गोष्ट राहिली. वय लहान म्हणून थोरल्या भावाने अनुग्रह नाकारल्यावर जांबच्या नारायणाला प्रत्यक्ष रामाचा अनुग्रह झाला, ही रामदासांविषयीची सांप्रदायिक कथा याच ताणातून जन्मली आहे. तीत पात्रतेचा नियम मोडला जात नाही, एका असामान्य मुलासाठी त्याला वरच्या दरबारातून अपवाद मिळतो.

या पार्श्वभूमीवर १८४३ मधील मुंबईच्या शेषाद्री प्रकरणाकडे पाहिले पाहिजे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता, तरी परधर्मीयांच्या अन्नाने त्याची जात गेली होती. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, या मताच्या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांनी मोठा गदारोळ केला. प्रायश्चित्त आणि कृपा यांतील फरक एकाच घरातील दोन भावांच्या नशिबी आला. एकाला परत येण्यासाठी काय भरावे लागेल याचा हिशेब शास्त्री करीत होते. दुसऱ्याला, त्याच्या नव्या श्रद्धेप्रमाणे, भरण्यासारखे काही उरलेच नव्हते. जांभेकरांचा उदारपणा निर्विवाद आहे, पण तोही हिशेबाच्या चौकटीतला होता : दंड कमी करावा, दार थोडे उघडावे. दाराचीच गरज काय, हा प्रश्न कृपेच्या भाषेत विचारता येत होता.

स्त्रीच्या बाजूने तो प्रश्न पंडिता रमाबाईंनी विचारला. शास्त्राध्ययन करताना स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाच्या मार्गात स्वतंत्र अधिकार नाही असे त्यांना आढळले, आणि ही गोष्ट त्यांनी आपल्या १९०७ मधील इंग्रजी आत्मनिवेदनात स्पष्टपणे सांगितली आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पण त्याच निवेदनात आणखी एक, मराठी समीक्षेने फारसे न हाताळलेले, कथन आहे. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्या म्हणतात. नियम पाळणे, विधी करणे, चांगले होण्याची खटपट करणे, हे सारे त्यांना अधिकाराच्याच जुन्या व्यवस्थेचे नवे रूप वाटू लागले. पात्र ठरण्याची धडपड थांबली तेव्हा त्यांना कृपेचा अर्थ कळला. केडगावच्या संस्थेत त्यांनी उभारलेल्या वास्तूंची नावे या दृष्टीने वाचावीत. दुष्काळात वाचविलेल्या मुलींसाठी 'मुक्ती', आणि समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन'. ज्यांना कोणत्याही शास्त्राने पात्र ठरविले नसते त्यांच्या डोक्यावरील छपराला हे नाव आहे. भाषांतरित संज्ञेचा याहून नेमका अन्वय कोणत्याही कोशात सापडणार नाही.

५

शेषाद्री बंधूंतील थोरल्याचे पुढील आयुष्य आपल्याला पुन्हा जालन्याकडे आणते. रेव्हरंड नारायण शेषाद्री फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमधून १८६० च्या दशकात येथे आले. त्यांच्याभोवती जमलेल्यांत प्रामुख्याने मांग आणि महार होते. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल वसविले. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत 'देवाचे घर'. ज्यांना देवळाच्या पायरीलाही शिवता येत नव्हते त्यांनी देवाच्या घरी राहावयास यावे, या नामकरणातील आशय उघड आहे.

तथापि ही जमीन ज्या मार्गाने आली तो मार्गही अर्थपूर्ण आहे. निजामी राज्यव्यवस्थेत जमीन, इनाम, वतन हे सारे हुजुरांच्या मर्जीने मिळे आणि मर्जीनेच जाई. अर्ज, सनद, मेहेरबानी ही त्या व्यवहाराची शब्दसंपदा होती, आणि ती हसनाबादसारख्या गावातील कारभारातही मुरलेली होती. म्हणजे देवाच्या कृपेचे गाव राजाच्या मेहेरबानीवर उभे होते, आणि तेथे राहणाऱ्यास दैनंदिन आधार मिळत होता तो मिशनच्या दयेचा. तीन स्तरांवरील तीन दाते, आणि खाली एकच घेणारा. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या आपले येणेही उपकार म्हणून घेतले होते, त्याला या तिघांतील फरक प्रत्येक वेळी स्पष्ट दिसला असेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. 'मायबाप' हे संबोधन देवाला, सरकारला आणि साहेबाला सारखेच लागू पडत होते. धर्मशास्त्राने ज्या कृपेला हक्काच्या पलीकडचे मानले, ती गावपातळीवर हक्काच्या अलीकडची, म्हणजे हक्क नाकारणारी, होण्याचा धोका येथे सतत होता.

मिशनचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बेथेलकडे यशाची कथा म्हणून पाहिले, विरोधकांनी आमिषाची कथा म्हणून. दोन्ही वाचनांत घेणारा निष्क्रिय राहतो. शब्दाच्या इतिहासातून पाहिल्यास तिसरी शक्यता दिसते. एखाद्या मांगाने आपल्याला पात्रतेवाचून स्वीकारले गेले आहे असे मानणे, म्हणजेच आपली अपात्रता ही कुणाची तरी करणी होती असे मानण्याची पहिली पायरी असू शकते. ज्याला पात्रतेची अट लागत नाही त्याला अपात्रतेची मोहोरही लागत नाही. ही पायरी सर्वांनी चढली असे नव्हे. पण ती तेथे होती.

६

ही शक्यता वाङ्मयात सर्वाधिक जाणीवपूर्वक वापरली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचे कार्य अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, परिसरात चालले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचे म्हणणे सर्वश्रुत आहे. त्याचा अर्थ बहुधा समन्वयाच्या अंगाने लावला जातो. परंतु पूल दोन काठ जोडतो त्याचबरोबर ते दोन आहेत हेही मान्य करतो. तुकारामांच्या अभंगांत भक्त देवाशी भांडतो, त्याच्या दाराशी धरणे धरून बसतो, त्याच्यावर ऋणाचा दावा लावतो. कृपा मागणारा तेथे दीन असला तरी मुका नसतो. मिशनच्या भाषांतरित गीतांतील आभारप्रदर्शक, नम्र पाप्याला टिळकांनी हा आवाज दिला. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे, माय आहे, सखा आहे. सख्याने केलेली कृपा ही उपकाराच्या वर्गात बसत नाही, कारण सख्यत्वात देणारा आणि घेणारा यांची उंची समान झालेली असते.

टिळकांनी हे काव्यापुरते ठेवले नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ स्थापन केला. विदेशी मिशनचा पगार घेऊन विनामूल्य कृपेची घोषणा करणे यातील विसंगती त्यांना बोचत असावी, असे या कृतीवरून म्हणता येते. 'दरबार' हा शब्द तर विशेषच बोलका आहे. अर्ज आणि मेहेरबानीच्या राजकीय शब्दसंपदेतला तो मुख्य शब्द. पण या दरबारात दाते आणि याचक अशा दोन रांगा नाहीत, बाप्तिस्म्याची सनदही दाखवावी लागत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि प्रयोग अपुरा राहिला.

त्या प्रयोगाचे दैनंदिन जीवनातील प्रत्यंतर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त मिळते. हा ग्रंथ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईंच्या मनात, जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर सापडताच कुणाच्याही हातचे खाण्याचा निर्धार होतो. हा बदल बाप्तिस्म्यापूर्वीचा आहे, हे महत्त्वाचे. धर्मशास्त्रातील 'कृपा' हा शब्द लक्ष्मीबाई येथे मिरवीत नाहीत. त्या पंक्तीतून उठतात आणि दुसऱ्या पंक्तीत बसतात. अपात्रतेच्या कल्पनेपासून होणारी सुटका येथे उलट दिशेने घडते : वरच्या पायरीवरील स्त्री आपली पात्रता टाकून देते.

७

या साऱ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप आला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयीच्या लेखनात त्यांनी दाखवून दिले की, धर्मांतरिताला त्याच्या दुःखाचे मूळ त्याच्या स्वतःच्या पापात शिकविले गेले. परिणामी परिस्थिती बदलण्याची प्रेरणाच मावळली. कर्मसिद्धान्ताने पूर्वजन्म दाखविला, मिशनने आदिपाप दाखविले, आणि दोन्हीकडे अन्याय करणारी व्यवस्था नजरेआड झाली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मोक्षदाता आणि मार्गदाता हा भेद मांडला. बुद्ध मोक्ष देत नाही, मार्ग दाखवितो. चालावयाचे ज्याचे त्याने. १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उभारून त्यांनी याच मराठवाड्यातील तरुणांसमोर कृपेऐवजी शिक्षणाचा मार्ग ठेवला होता. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर दलित साहित्यात जी भाषा घडली, तीत 'कृपा' हा शब्द बहुधा उपरोधानेच येतो. दात्याच्या भाषेला दिलेला तो नकार आहे, आणि गावगाड्याने हक्काला दिलेल्या कृपेच्या वेषाचा इतिहास पाहता तो न्याय्य आहे.

तरीही या नकाराने ख्रिस्ती संकल्पनेचा समग्र निकाल लागतो काय? आंबेडकरांचा आक्षेप पापाच्या शिकवणुकीवर आणि दात्याच्या श्रेष्ठत्वावर आहे. रमाबाई आणि टिळक यांनी कृपेचे जे वाचन केले त्याचा रोख पात्रतेच्या व्यवस्थेवर आहे. पहिल्या वाचनात कृपा माणसाला खाली पाहावयास लावते, दुसऱ्या वाचनात पायऱ्याच काढून टाकते. दोन्ही वाचने त्याच शब्दात राहतात, आणि कोणते वाचन खरे ठरेल हे धर्मग्रंथ ठरवीत नाही, देणारा घेणाऱ्याजवळ कसा उभा आहे यावरून ते ठरते. मजुरी थकवून दान करणारा जमीनदार कृपा करीत नसतो. आधी हक्क, मग कृपा, हा क्रम पौलाच्या भेदातही गृहीत आहे. मजुरी ही मजुरी म्हणून दिली जात असेल तेथेच कृपेला तिचे वेगळेपण मिळते.

ख्रिस्ती चर्चमधील जुना वादही दरम्यान सौम्य झाला आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे रोमन कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. स्टीफन्सपासून सुरू झालेला भाषिक प्रवास मराठवाड्याच्याच भूमीवर मराठी साहित्याच्या मध्यभागी येऊन पोचला, असे त्या घटनेचे वर्णन करता येईल. परंतु संज्ञेचे काम मानसन्मानाने संपत नाही. रोजगार हमीची मजुरी, रेशन, शिष्यवृत्ती, घरकुल या कायद्याने मिळणाऱ्या गोष्टी आजही कुणाच्या तरी कृपेने मिळाल्याचे फलक गावोगावच्या चौकांत लागतात. हक्काला कृपेचा वेष चढविण्याची जुनी रीत अद्याप चालू आहे. 'कृपा' या शब्दाचा ख्रिस्ती अर्थ मराठीत जिवंत राहावयाचा असेल, तर त्याला या फलकांपासून वेगळे व्हावे लागेल, आणि ते वेगळेपण दाखविण्याची साधने केडगावच्या त्या सदनात व टिळकांच्या अपुऱ्या दरबारात या भाषेने पूर्वीच कमावून ठेवली आहेत.